केसांना फुटलेले फाटे

७,४५५ रुपये. इंचभर केस कापायला गेले होते मी. इंचभर!

शनिवारी मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा, म्हणून शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर कर्वे रोडवरच्या एका चकचकीत सलूनमध्ये शिरले. नेहमीची पार्लरवाली गावाला गेली होती, नाहीतर कशाला त्या काचेच्या दाराला हात लावतेय. ती दीडशे रुपयांत कापते आणि वर सासूच्या तक्रारी सांगते, म्हणजे करमणूक फुकट. इथे बसल्या बसल्या पाणी आलं, त्यात लिंबाची चकती. पाण्यात लिंबाची चकती तरंगताना दिसली की समजायचं, आता आपल्याला कापणार आहेत, केसांचं नंतर बघू.

मागे जो मुलगा येऊन उभा राहिला त्याने माझी एक बट दोन बोटांत धरून वर उचलली, मोरीच्या जाळीत अडकलेलं काहीतरी उचलावं तशी. मग आरशातून माझ्याकडे बघत सुस्कारा सोडला. 'मॅम, लास्ट टाइम किसने काटा था?' या प्रश्नाला बरोबर उत्तर नसतंच. नवा प्लंबरसुद्धा आधीच्या प्लंबरचं काम बघून अगदी असाच आवाज काढतो. आणि मॅम म्हणू नका हो. मॅडम म्हणा, काकू म्हणा, काहीच नका म्हणू. मॅम ऐकलं की मला आपोआप पर्स छातीशी धरावीशी वाटते.

'बहुत डॅमेज है मॅम. स्प्लिट एंड्स.'

अरे बाबा, केसांना फाटे फुटलेत हे मला घरी आरशात दिसलं, म्हणून तर आले ना? फुटलेल्या फाट्याला कात्री हा एकच इलाज, आणि ती तुझ्याच हातात आहे. काप!

पण नाही. आधी स्काल्प अॅनालिसिस. 'कॉम्प्लिमेंटरी है मॅम.' पेनासारखा एक कॅमेरा टाळूला टेकवला आणि समोरच्या स्क्रीनवर चांद्रयानाने पाठवल्यासारखा फोटो. खड्डे, ओसाड माळरान, मधेच दोन-चार खुंट. कुणाच्याही टाळूला तो कॅमेरा लावलात तर असंच दिसणार, अठरा वर्षांच्या पोरीलाही. पण शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता, पाच तास उभं राहून शिकवल्यावर, समोर आपलीच टाळू भिंतीएवढी मोठी करून दाखवली की माणूस खचतं. तो म्हणाला हेअर स्पा. मी म्हणाले, बरं.

या 'बरं'चे २,२०० रुपये झाले.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. स्पा म्हणजे काय, तर डोकं धुतलं, काहीतरी चोपडलं, वीस मिनिटं चोळलं आणि वाफ दिली. चंपी हो, चंपी! पाटण्याचा शेख दीन मुहम्मद एकोणिसाव्या शतकात ब्रायटनला जाऊन गोऱ्या साहेबांना मालिश करायचा. इंग्लंडच्या दोन राजांचा 'शाम्पूइंग सर्जन' होता तो. शाम्पू हा शब्दच मुळी चंपीच्या कुळातला. आपली चंपी तिकडे गेली आणि दोनशे वर्षांनी हेअर स्पा होऊन माझ्याच डोक्यावर परत आली, २,२०० रुपयांना.

चोळता चोळता तो सांगत होता, हे केसांना आतून नरिश करतं, डीप रिपेअर करतं. मी डोळे मिटून 'हं, हं' करत होते. आता इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. बावीस वर्षं. साबण आणि डिटर्जंट हा भाग इतक्यांदा शिकवलाय की झोपेत फळ्यावर त्या रेणूचं डोकं-शेपूट काढून देईन. टाळूच्या बाहेर आलेला केस मेलेला असतो, नुसतं केराटिन, नखासारखं, हे मला माहीत आहे. मेलेल्याला पोषण देणं म्हणजे पिंडदान, ते केसांना कशाला? कंडिशनर खरंच काम करतो, हेही माहीत आहे. खराब झालेल्या केसावर ऋण भार असतो, कंडिशनरमधले धन भाराचे रेणू तिथे चिकटतात, डायमेथिकोन नावाच्या सिलिकोनचा पातळ थर बसतो, केस सुळसुळीत लागतो. पुढच्या एक-दोन धुण्यांत ते उतरतं. हे काम दोनशेची बाटलीही करते आणि दोन हजारांचीही. हे सगळं मला तिथे, मान मागे टाकलेल्या अवस्थेत, माहीत होतं. आणि तरी ब्लो-ड्राय झाल्यावर केस खांद्यावर असे काही झुलले, की त्याने 'होम केअर के बिना इफेक्ट नहीं टिकेगा' म्हणत शाम्पू आणि मास्क समोर ठेवले तेव्हा मी मान डोलावली. नुकतीच सेट केलेली मान, तीही झोकात डोलली.

बिल: हेअरकट ७००, स्पा २,२००, शाम्पू १,९५०, मास्क २,२५०. झाले ७,१००. वर जीएसटी ३५५.

आणि इथे माझं डोकं फिरलं. स्पावर, कापण्यावर पाच टक्के लावा, १४५ रुपये, कबूल. पण शाम्पू आणि मास्कवर २१० रुपये कर कसला? दोन्हींवर एमआरपी छापलेली आहे, 'सर्व करांसहित' असं ढळढळीत लिहिलेलं आहे! मी जी सुरू झाले ती थांबेना. एमआरपी म्हणजे काय, वैधमापनशास्त्र खातं म्हणजे काय, सप्टेंबर २०२५ मध्ये शाम्पूवरचा कर अठरावरून पाचावर आला तो तुम्ही ग्राहकाच्या डोक्यावर दुसऱ्यांदा बसवावा म्हणून आला का... शेजारच्या खुर्चीत फॉइल गुंडाळून बसलेली बाई मासिक खाली ठेवून बघायला लागली. मॅनेजर आला. 'मॅम, सिस्टिम में ऐसे ही आता है.' सिस्टिम! बँकेत सिस्टिम, गॅसवाल्याकडे सिस्टिम, आमच्या कॉलेजात पगाराची स्लिप अडली की सिस्टिम. माणसाने केलेली प्रत्येक लबाडी आता सिस्टिममधूनच येते.

म्हणजे बघा. ७,१०० रुपये मी तोंडातून अवाक्षर न काढता गिळले आणि २१० रुपयांसाठी अर्धं सलून डोक्यावर घेतलं.

तेवढ्यात काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, 'मॅडम, तुम्ही आम्हाला केमिस्ट्रीला होतात ना? मी डी डिव्हिजनला होते.'

भूमी दुभंगली नाही. तिने चटकन २१० कमी केले, ७,२४५चं बिल काढलं आणि अगदी मनापासून, डोळ्यांत आदर वगैरे आणून म्हणाली, 'बरं झालं मॅडम. मला वाटायचं या प्रॉडक्टमध्ये काही नसतं. पण तुम्ही घेताय म्हणजे असेल काहीतरी. आता कस्टमरना सांगते, आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमही हेच वापरतात.'

बावीस वर्षांची तपश्चर्या, ७,२४५ रुपयांत.

घरी येऊन चष्मा लावला आणि मागचं लेबल वाचलं. हे आधी वाचायचं असतं, पोरांना मीच सांगते. पहिलं पाणी. मग सोडिअम लॉरेथ सल्फेट, मग कोकामिडोप्रोपिल बीटेन, म्हणजे मळ काढणारे, फेस करणारे दोघं, मग मीठ. हो, मीठ, शाम्पू दाट व्हावा म्हणून घालतात. जास्त असेल ते आधी लिहायचं, असा नियम. पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत मिरवणारं आर्गन ऑइल मागे कुठे, तर सुगंधाच्याही नंतर, कोपऱ्यात अंग चोरून उभं. लग्नाच्या पत्रिकेत 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' मोठ्या अक्षरांत आणि जेवणाची वेळ मुंगीएवढी, तसं. बाथरूममधली मुलाची २९९वाली बाटली आणून शेजारी ठेवली. पहिले चार तेच, क्रमही तोच. माझ्या बाटलीचा भाव मिलीलिटरला ७ रुपये ८० पैसे, म्हणजे लिटरला ७,८००. या पैशांत साजूक तुपाने न्हायले असते आणि वर पुरणपोळीवर घ्यायलाही उरलं असतं.

आणि हे पहिल्यांदा झालंय का? डेंग्यू झाला त्या वर्षीचं आठवतं. ताप गेल्यावर तीनेक महिन्यांनी केस मुठीमुठीने यायला लागले. असं होतंच, शरीराला झटका बसला की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि मग आपले आपण येतात. डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं, थायरॉइड आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासलं, थोडं लोह लिहून दिलं, विषय संपला. पण मी ऐकतेय थोडीच! कांद्याचं तेल आणलं. दोन महिने घरात भेळेच्या गाडीसारखा वास. बायोटिनच्या गोळ्या आणल्या, त्या गोड लागतात म्हणून मुलाने संपवल्या. सहा महिन्यांनी केस आले, जसे येणारच होते, आणि श्रेय खाल्लं कांद्याच्या तेलाने. अजून आमच्या सोसायटीतल्या दोघी माझ्या सांगण्यावरून तो वास सहन करतायत. आता कुठल्या तोंडाने सांगू?

मग ते शॉवर फिल्टर. आमच्याकडे निम्मं वर्ष टँकर, त्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर चुन्याचं लिंपण होतं, तर केसांचं काय होत असेल. १,८०० रुपयांचं नळकांडं बसवलं, 'हार्ड वॉटर सॉफ्ट करतं' म्हणे. या वेळी मात्र मी आधीचं पाणी आणि नंतरचं पाणी दोन बाटल्यांत भरून कॉलेजच्या लॅबमध्ये नेलं, ईडीटीए नावाचं रसायन थेंबथेंब घालून टायट्रेशन केलं, म्हणजे पाण्याचा जडपणा मोजला. लाल रंग निळा व्हायला दोन्ही वेळा ब्युरेट जवळपास त्याच रेघेवर थांबलं. लॅब असिस्टंट म्हणाला, 'मॅडम, सँपल एकच दोनदा घेतलंत का?' फिल्टर अजून तिथेच आहे. काढायला प्लंबर लागतो, आणि तो येऊन सुस्कारा सोडणार.

'केमिकल फ्री' लिहिलेल्या बाटल्यांबद्दल मी काही बोलणार नाही. डॉक्टरीणबाईंनी बीपी सांभाळायला सांगितलंय.

आईला फोनवर किंमत सांगितली नव्हती. नवऱ्याने सांगितली. आईचा विजय मग तासभर चालला. शिकेकाई, आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी, आणि खोबरेल. थंडीत गोठलेली बाटली अंगणात उन्हात ठेवायची. खोबरेलाच्या बाबतीत तिचं खरं आहे, हे तिला सांगायची माझी तयारी नाही. ते तेल केसाच्या आत थोडं तरी शिरतं, धुताना प्रथिनं कमी जातात, असा २००३चा अभ्यास आहे. आता तो खोबरेल विकणाऱ्यांच्याच प्रयोगशाळेतला, पण निदान प्रयोग केला तरी. आणि त्या बिचाऱ्या तेलाचे हाल बघा, ते खायचं की डोक्याला लावायचं (खायच्या तेलाला कर कमी) यावर करखातं आणि कंपन्या वर्षानुवर्षं कोर्टात. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेलही खाद्यतेल धरता येईल. नऊ महिन्यांत केसांच्या तेलाचा करही पाचावर आला, म्हणजे पुढच्यासाठी भांडणच संपलं. फाटे फोडावेत तर असे. पण कोंड्यावर तेल हा आईचा हट्ट मात्र चूक. कोंड्यातली ती बुरशी तेलकटपणावरच जगते. हे मी तिला १९९८पासून सांगतेय.

रविवारी सकाळी उठले तर बाथरूममधून फेसाचा डोंगर बाहेर येतोय. नवरा पाटावर बसून काहीतरी चोळतोय. माझं हेल्मेट. म्हणजे हेल्मेटच्या आतलं अस्तर काढून. 'घाणेरडा वास मारत होतं गं, म्हटलं तुझं धुऊन टाकू.' शेजारी माझी बाटली, निम्म्याच्या जवळ उतरलेली. साधारण शंभर मिली, ७८० रुपये.

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो शांतपणे म्हणाला, 'सौम्य शाम्पूच वापरायचा असतो हेल्मेटला, व्हिडिओत सांगितलंय. आणि काल तूच म्हणालीस ना, सगळे सारखेच?'

म्हणाले होते. शनिवारी रात्री, साखरपुड्याहून येताना, रिक्षात, अगदी रेणूची आकृती हवेत काढून.

सोमवारी ते हेल्मेट घातलं. काय सांगू, मऊ! आर्गनचा मंद सुवास. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास त्याच्यात डोकं कोंबल्यावर माझा ७,२४५चा ब्लो-ड्राय पापडासारखा चपटा झाला, पण अस्तर काय छान फुललं होतं.

शाम्पू उरलाय तो मी वापरतेय. टाकून देऊ का? करंगळीएवढा घेते, आठवड्यातून एकदाच. मास्क अजून उघडलेला नाही. तो कपाटात पैठणीच्या मागे ठेवलाय, बूट मऊ करायला काय लागतं याचाही व्हिडिओ असेलच म्हणून.