लोकअदालतीला गेलं नाही तर एकतर्फी निकाल? कुणी सांगितलं?

गेल्या काही दिवसांपासून एक फॉरवर्ड फिरतोय, आमच्याकडे तर सोसायटीच्या, शाळेच्या, भावकीच्या सगळ्या ग्रुपांवर येऊन गेला. वर लाल अक्षरात "कोर्टाचा नवा नियम, सर्वांना कळवा", बाजूला अशोकस्तंभ चिकटवलेला आणि खाली पाच मुद्दे. थोडक्यात असे. एक, नवा मध्यस्थी कायदा आलाय, आता थेट कोर्टात दावा टाकताच येणार नाही. दोन, जुन्या सगळ्या केस 90 दिवसांत लोकअदालतीत संपवणार, उरतील त्या बंद. तीन, लोकअदालतीच्या तारखेला गेलं नाही तर एकतर्फी निकाल, आणि त्यावर अपील नाही. चार, वकील लागणार नाही, निकाल कम्प्युटर देणार. पाच, गाडीची सगळी चलनं माफ, खालच्या लिंकवर नोंदणी करा, आणि यापुढे पोलिसांच्या नोटिसा व्हॉट्सअ‍ॅपवरच येणार.

एरवी असलं काही आलं की मी बोट फिरवून पुढे जातो. पण हा निफाडच्या मावशीकडे पोचला, आणि पाठवला कुणी तर तिच्या दिराच्या मुलाने. काका गेल्यापासून तिच्या हिश्श्याच्या जमिनीचा वाटपाचा दावा चालू आहे, मावशी वादी, दीर प्रतिवादी. फॉरवर्डखाली पोराने स्वतःची ओळ जोडली होती, "काकू, नंतर म्हणू नका सांगितलं नाही." मावशीचा मला फोन आला तो काही शंका विचारायला नव्हे, "लोकअदालतीत सही कुठं करायची असते रे" एवढंच विचारायला. म्हणजे बाई सही करायला निघाली होती, समोरचे देतील तेवढ्यावर, कारण नाही गेलं तर सगळंच जाईल असं तिला वाटलं.

त्यामुळे क्रम गेला खड्ड्यात, तिसऱ्या मुद्द्यापासूनच सुरू करतो. (मी वकिली करत नाही, सनद घेतली आणि ठेवून दिली, पोटापाण्याचा धंदा वेगळा आहे. पण कायदा वाचता येतो तेवढा येतो.)

लोकअदालत चालते विधी सेवा प्राधिकरण कायद्यावर, 1987 सालचा आहे, नवीन काही नाही. त्याचं कलम 20 शांतपणे वाचा. कोर्ट तुमची केस लोकअदालतीकडे पाठवू शकतं, हे खरं, आणि त्यासाठी दोघांनी अर्ज करायलाच पाहिजे असंही नाही, एकाने केला तरी चालतो किंवा कोर्टाला स्वतःलाच वाटलं की हे मिटण्यासारखं आहे तरी पाठवतं, फक्त त्याआधी दोघांना म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. म्हणून आपण न मागता नोटीस आली तर दचकायचं कारण नाही. पण पुढे काय? पुढे तडजोड झाली तर निवाडा, नाही झाली तर केस परत कोर्टात, आणि जिथे थांबली होती तिथूनच पुढे सुरू. बस. कलमात तिसरा रस्ताच नाही. तुम्ही गेला नाहीत, गेलात आणि नाही म्हणालात, किंवा गेलात आणि नुसतं ऐकून घेतलंत, तिन्हीचा अर्थ एकच, तडजोड झाली नाही, फाईल परत.

यावर सुप्रीम कोर्टाचा 2008 सालचा निकाल आहे, पंजाब राज्य विरुद्ध जालोर सिंग. अपघात भरपाईची केस होती, हायकोर्टात वाढीव रकमेचं अपील चालू असताना ते लोकअदालतीपुढे ठेवलं गेलं, आणि लोकअदालतीने काय केलं तर दोन्ही बाजूंची तडजोड झालेली नसताना स्वतःच रक्कम वाढवून दिली. सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की लोकअदालतीला न्यायनिर्णयाचे, म्हणजे कोण बरोबर कोण चूक हे ठरवायचे, अधिकारच नाहीत. तिने दोघांना समजवावं, जमलं तर लिहून घ्यावं, नाही जमलं तर केस परत पाठवावी. आता मला सांगा, दोघं समोर बसलेले असताना जिला निकाल देता येत नाही ती तुम्ही घरी बसलात म्हणून एकतर्फी निकाल कशी देईल?

आणि या फॉरवर्डची खरी लबाडी इथेच आहे, म्हणून अजून थोडं. "एकतर्फी" ही गोष्ट खरी आहे, पण ती नेहमीच्या कोर्टातली. तिथे तारखेला प्रतिवादी सारखा गैरहजर राहिला तर दावा त्याच्याविरुद्ध एकतर्फी चालतो, आणि वादी गैरहजर राहिला तर दावा काढून टाकला जातो. पण एकतर्फी हुकूमनामा झाला तरी तो रद्द करून मागता येतो आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 96 खाली त्यावर अपीलही करता येतं. दुसरीकडे "अपील नाही" हेसुद्धा खरं आहे, पण ते लोकअदालतीच्या निवाड्याचं, विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 21, आणि अपील का नाही, तर तो तुम्ही स्वतः सही करून मान्य केलेला असतो म्हणून. म्हणजे जिथे एकतर्फी आहे तिथे अपील आहे, आणि जिथे अपील नाही तिथे तुमची सही आहे. दोन खऱ्या गोष्टींची शेपटं एकमेकांना बांधून एक धादांत खोटं तयार केलंय, आणि वाचणाऱ्याला दोन्ही शब्द कुठेतरी ऐकलेले असल्यामुळे ते पटतंही.

बरं, यात एक पोटमुद्दा कबूल करावा लागतो, जिवावर येतंय पण करतो. "स्थायी लोकअदालत" नावाचा वेगळा प्रकार आहे. वीज, पाणी, टेलिफोन, प्रवासी वाहतूक, दवाखाना, विमा असल्या सार्वजनिक सेवांच्या भांडणांसाठी. तिथे तडजोड नाही जमली तर निकाल देता येतो, आणि 2022 मध्ये कॅनरा बँक विरुद्ध जी. एस. जयराम या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते मान्यही केलं, फक्त आधी समेटाचा प्रयत्न झालाच पाहिजे, समोरचा आलेला नसला तरी, असं बजावून. तिच्या निवाड्यावरही अपील नाही. म्हणजे फॉरवर्डवाल्याने कुठूनतरी हे अर्धवट ऐकलं असण्याची शक्यता आहे. पण तिथे कोर्टात आधीच चालू असलेली केस नेताच येत नाही, दावा टाकायच्या आधीच जावं लागतं. वाटपाचा, जमिनीचा, भावकीचा तिथे काही संबंध नाही. विमा कंपनीने क्लेम अडवला असेल तर जरूर जा, उलट बरी जागा आहे ती.

आता प्रत्यक्षात काय होतं तेही सांगतो, कारण फॉरवर्ड वाचून लोकांना वाटतं तिथे कुणी हातोडा आपटणार आहे. आपल्याकडे नाशिकला सीबीएसजवळ जिल्हा कोर्टात असो की निफाडला, पॅनल बसतं, त्यात न्यायाधीश असतात, सोबत वकील, सामाजिक कार्यकर्ते. नाव पुकारतात, विचारतात, बाबा मिटवायचं का. हो म्हटलं तर अटी कागदावर येतात, सह्या होतात. नाही म्हटलं तर तसं नोंदवतात आणि केस परत जाते. कोणी रागावत नाही. जरा आग्रह होतो, "किती वर्षं भांडणार" वगैरे, तेवढं ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

हो म्हणणारच असाल तर मात्र डोळे उघडे ठेवून म्हणा, कारण सही होईपर्यंत लोकअदालत म्हणजे बिनदाताचा म्हातारा, सही झाली की एका क्षणात बत्तीस दात येतात. निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो, समोरच्याने पाळलं नाही तर थेट दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, टाकता येते. चेक न वटल्याच्या केसमध्ये, म्हणजे कलम 138 च्या, तडजोड झाली तरी तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्येच सांगितलंय. आणि हे दोन्ही बाजूंना लागू. फसवणूक झाली असं नंतर म्हणायचं तर रिट घेऊन हायकोर्टात जायचं, तेही फार मोजक्या कारणांवर. मावशीला मी एवढंच सांगितलं की गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, विहिरीतला हिस्सा, बांधावरची वाट, पैसे असतील तर कोणत्या तारखेला आणि कसे, हे सगळं कागदावर असल्याशिवाय पेन हातात घ्यायचं नाही, "ते आपण नंतर बघू" असं कुणी म्हटलं तर उठून यायचं. द्राक्षाच्या बागेत पाणी आणि वाट लिहिलेली नसेल तर नुसता सातबारा घेऊन काय करणार आहे ती.

उरलेले मुद्दे आता भराभर घेतो, त्यांच्यात तेवढा दम नाही.

पहिला, थेट दावा टाकता येणार नाही. मध्यस्थी कायदा 2023 सालचा आहे, हे बरोबर. 2021 मध्ये विधेयक आलं तेव्हा दावा टाकण्याआधी मध्यस्थी सक्तीची करायचा विचार होता, हेही बरोबर. पण संसदीय समितीने सक्तीवर आक्षेप घेतला आणि शेवटी कायदा झाला तो दोघांच्या राजीखुशीचा. फॉरवर्डवाला बहुधा जुन्या विधेयकाची बातमी आत्ता वाचतोय. सक्ती आहे ती एका ठिकाणी, व्यावसायिक न्यायालयांच्या कायद्यातलं कलम 12अ. 3 लाख किंवा त्यावरचा व्यापारी वाद असेल आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी करावीच लागते, नाहीतर दावा फेटाळला जातो, सुप्रीम कोर्टाच्या पाटील ऑटोमेशन केसमधल्या 2022 च्या निकालाने हे पक्कं केलंय. लासलगावचा कांदा व्यापारी आणि बाहेरचा एक्स्पोर्टर यांच्यात बिलावरून भांडण असेल तर त्यांनी हे वाचावं. घरभाडं, बांध, वाटप, यांना ते लागू नाही.

दुसरा, 90 दिवस. 1 जुलै ते 30 सप्टेंबर 2025 अशी देशभर एक मोहीम झाली, नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) आणि सुप्रीम कोर्टाच्या मध्यस्थी समितीची, चालू केसमधून मिटण्यासारख्या निवडून मध्यस्थीला पाठवायच्या. ती मोहीम होती, हुकूम नव्हता. ज्या मिटल्या नाहीत त्या कोर्टात आहेत तशा आहेत. "राहिलेल्या बंद" हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने कोर्टाची पायरी कधी चढलेली नाही. आणि तडजोड होऊ न शकणारे गंभीर फौजदारी गुन्हे तर लोकअदालतीपुढे जातच नाहीत, कायद्यातच तसं आहे.

चौथा, वकील नको. वकिलाशिवाय लोकअदालतीत बोलता येतं, खरंय, आणि मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते हेही खरंय, ते बिचाऱ्याने लिहिलंच नाही. पण वकील नेऊ नका असं कुठेही नाही, आणि वर सांगितलेल्या बत्तीस दातांमुळे सहीआधी एकाला तरी कागद दाखवाच. पैसे नाहीत ही अडचण असेल तर बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, मुलं यांनाही. जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, किंवा 15100 वर फोन करा. हे मावशीला सांगणारा एकही फॉरवर्ड आजवर आला नाही, गंमत आहे. कम्प्युटर निकाल देणार यावर काय बोलायचं भो, उलट केरळ हायकोर्टाने जुलै 2025 मध्ये धोरण काढून जिल्हा कोर्टांना बजावलंय की एआय वापरून निकाल द्यायचा नाही.

पाचवा सगळ्यात खाली लिहिलाय, आणि फॉरवर्ड काढला गेलाय तोच बहुतेक याच्यासाठी. चलनं लोकअदालतीत तडजोडीला येतात, पण सरसकट माफी असा काही नियम नाही, आणि दारू पिऊन गाडी चालवल्याचं तर तडजोडीत बसतच नाही. लोकअदालतीला नोंदणी फी नसते. व्हॉट्सअ‍ॅप नोटिशीचं म्हणाल तर जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांना उलटच सांगितलंय, हजर राहायची, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावली तर ती चालणार नाही. तेव्हा "तुमच्यावर केस आहे, व्हिडिओ कॉलवर बसून राहा" म्हणणारा पोलीस नाही, डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच कायद्यात नाही. खरंच केस आहे का बघायचं असेल तर ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर नावाने किंवा सीएनआर नंबरने (केसचा ओळख नंबर) शोधा, फुकट आहे, पुढची तारीखही दिसते.

आणि लिंकवरून चलनाच्या नावाची एपीके फाईल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) कुणी डाऊनलोड केली असेल तर आधी फोनचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन लावा, ग्रुपवर "हे खरं आहे का" विचारत बसू नका.