‘टॅक्सी ड्रायव्हर’मधला तो रिकामा बोळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (१९७६) या चित्रपटावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘लेखकाने चित्रपट नीट पाहिलेला दिसत नाही, यूट्यूबवरून उचललंय’ अशी सुरुवात केल्यावर पुढचं कुणी शांतपणे वाचावं अशी अपेक्षा कशी करता? फिल्म सोसायटीत हा चित्रपट मी तीनदा पडद्यावर दाखवला आहे. मतभेद खुशाल असू द्या, पण ही भाषा नको.

एक चूक मान्य. मोहॉकसाठी, म्हणजे मधोमध केसांची पट्टी ठेवून बाकी डोकं तुळतुळीत अशा केशरचनेसाठी, नायक झालेल्या रॉबर्ट डी निरोनं खरोखर डोकं भादरलं, असं मी लिहिलं होतं. तसं नाही. मेकअपमन डिक स्मिथनं टकलाची टोपी चढवून त्यावर केसांची पट्टी बसवली होती. दुरुस्ती केली आहे.

आता तुमचं मुख्य वाक्य: ‘फोनच्या प्रसंगात कॅमेरा बोळाकडे सरकतो ती निव्वळ चमकोगिरी.’

प्रसंग नीट आठवा. टॅक्सी चालवणारा नायक ट्रॅव्हिस भिंतीवरच्या फोनवरून, त्याला आवडणाऱ्या बेट्सीची माफी मागतोय. तिचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. फुलं मिळाली का, असं तो विचारतो, आणि उत्तर काय आलं ते त्याच्या अडखळण्यावरूनच कळतं. तेवढ्यात कॅमेरा उजवीकडे सरकतो, त्याला चौकटीबाहेर टाकतो आणि रस्त्याकडे जाणाऱ्या रिकाम्या बोळासमोर थांबतो. बोलणं चालूच राहतं.

इथे कट मारून चेहऱ्याचा क्लोजअप घेतला असता तर आपण त्याची कीव करून मोकळे झालो असतो. कट मारून थेट बोळ दाखवला असता तर वाटलं असतं की जागा बदलली. कट न घेता सरकल्यामुळे तो तिथेच, हाताच्या अंतरावर आहे हे आपल्याला माहीत असतं, तरी त्याच्याकडे बघवत नाही. फोन संपल्यावर तो चौकटीत येतो तो पाठमोरा, त्याच बोळातून बाहेर जायला. शॉट तिथे पुरा होतो. तुम्ही त्याआधीच निकाल देऊन टाकलात.

या चित्रपटासाठी सर्वांत आधी सुचलेला शॉट हाच, असं स्कॉर्सेसीनं सांगितलंय. कॅमेऱ्यामागचा हात इथे जाणवतो, हेही त्यानंच कबूल केलंय. तेवढ्यापुरतं तुमचं खरं. पण हात जाणवणं म्हणजे चमकोगिरी नव्हे. एकटेपणा दाखवायला माणूसच चौकटीतून काढून टाकायचा, हा निर्णय १९७५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये चित्रीकरण करताना त्या दिग्दर्शकानं अमलात आणला, आणि मला तो आजही धाडसी वाटतो.

बाकीचं थोडक्यात. शेवटच्या गोळीबारातले रंग अमेरिकेतल्या प्रमाणपत्रात ‘एक्स’ऐवजी त्याहून सौम्य ‘आर’ दर्जा मिळावा म्हणून फिके केले, हे मी मूळ लेखातच लिहिलंय, परत वाचा. ‘युद्धाचं एकही दृश्य नाही, मग तो माजी सैनिक कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर ट्रॅव्हिसच्या टॅक्सीच्या नोकरीसाठीच्या मुलाखतीत आहे: मरीन्स (अमेरिकी सैन्यदल), मे १९७३ मध्ये सन्मानानं सेवामुक्त. तो एवढंच सांगतो आणि पुढे कुणी विचारत नाही. शेवट स्वप्न आहे की खरा, यावर मी लेखात काही म्हटलंच नव्हतं.