मामाने फॉरवर्ड केलेली 'पाच कटू सत्यं'

भाचीला गेम डिझाइनच्या कोर्सला प्रवेश मिळाल्याचं ताईने फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि तासाभरात मामाचा फॉरवर्ड येऊन पडला. 'व्हिडिओ गेम उद्योगातल्या स्त्रिया : पाच कटू सत्यं.' वर 'अभिनंदन बेटा, पण हेही वाच' अशी मामाची स्वतःची भर. भाचीने हसरा चेहरा टाकून विषय मिटवला. मला ते जमलं नाही. हाच मजकूर मला ऑफिसच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन गेलाय, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

ज्यांच्याकडे अजून आला नसेल त्यांच्यासाठी ती सत्यं थोडक्यात अशी. गेम पुरुषांनी घडवले, बायका मागून कोट्यातून आल्या. मुलींना मुळात त्यात रसच नसतो. ज्या नाव कमावतात त्या पत्रकारांशी 'संबंध' ठेवून. छळाच्या तक्रारी पैसे उकळायला असतात आणि कोर्टात खोट्या ठरतात. बायका आल्या आणि गेम आपटायला लागले.

पहिलं सत्य आमच्या मामाने पाठवावं, यासारखा विनोद नाही. आजोबांच्या एका मित्राने मस्कतहून आणलेल्या अटारी या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर मामा दिवसदिवस 'रिव्हर रेड' खेळायचा. त्याच्या बारावीच्या मार्कांचं काय झालं याचं खापर आई अजून त्या यंत्रावर फोडते. नदीवरून विमान न्यायचं, पूल उडवायचे, इंधन संपत आलं की टाक्यांवरून उडत भरून घ्यायचं. १९८२ सालचा तो गेम कॅरोल शॉ या बाईने लिहिला. डिझाइन तिचं, प्रोग्रॅमिंगही तिचंच. कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात खोचायच्या गेमच्या डबीत, जागा होती ४ किलोबाइट. मामा रोज सकाळी पाठवतो त्या 'शुभ प्रभात'च्या फुलाला याहून कितीतरी जास्त जागा लागते. एवढ्याशा जागेत मैलोन्‌मैल नदी साठवणं शक्य नव्हतं, म्हणून शॉने ती साठवलीच नाही. तिने एक सूत्र लिहिलं. ते दर वेळी एकाच आकड्यापासून सुरू होतं आणि पुढचा काठ, पुढचं वळण, पुढचा पूल त्या त्या क्षणी तयार करत जातं. आकडा तोच असल्यामुळे नदीही दर वेळी तीच. मामाला वळणं तोंडपाठ होती ती त्यामुळे.

ही बाई १९७८ मध्ये ते यंत्र बनवणाऱ्या अटारी कंपनीत लागली तेव्हा कंपनीचे अध्यक्ष रे कसार तिला बघून काय म्हणाले, ते तिनेच पुढे मुलाखतीत सांगितलंय. अखेर एक बाई मिळाली, आता मेकपच्या रंगसंगतीचे आणि घरसजावटीचे गेम करून घेता येतील, अशा अर्थाचं काहीतरी. तिने लढाऊ विमान केलं. त्याच्याही आधी, १९८० साली, रोबर्टा विल्यम्सने 'मिस्ट्री हाउस' केला होता, आणि १९८१ च्या 'सेंटिपीड'च्या दोन कर्त्यांपैकी एक डोना बेली होती. यातली कोण कुठल्या कोट्यातून आली, ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सांगावं.

दुसरं सत्य, रस नसतो. इंटरनॅशनल गेम डेव्हलपर्स असोसिएशनच्या पाहणीत २००५ साली या कामात स्त्रिया साडेअकरा टक्के होत्या, २०२१ साली तीस टक्के. पाहणीला उत्तरं देणारे आपण होऊन देतात, तेव्हा आकडा दशांशापर्यंत धरून बसू नका. पण जन्मजात नावड सोळा वर्षांत एवढी हटत नाही. पुढे.

तिसऱ्यावर मात्र मी थांबणार आहे, कारण अठरा वर्षांच्या मुलीला 'तू पुढे गेलीस तर लोक तुझ्याबद्दल हेच म्हणतील' असं सांगणारा मुद्दा तो आहे. पुरावा म्हणून फॉरवर्डमध्ये एकच प्रकरण दिलंय : 'अमेरिकेतल्या झोई क्विनने चांगल्या रिव्ह्यूसाठी पत्रकाराशी संबंध ठेवले, हे २०१४ मध्ये उघड झालं.'

उघड काय झालं ते बघू. ऑगस्ट २०१४ मध्ये गेम डिझायनर असलेल्या क्विन यांच्या पूर्वीच्या जोडीदाराने दोघांच्या भांडणाचं लांबलचक चऱ्हाट इंटरनेटवर मांडलं. त्यात 'कोटाकू' या गेमविषयक संकेतस्थळाच्या एका पत्रकाराचं नाव होतं. वाचणाऱ्यांनी आपल्या मनाने पुढची गोष्ट रचली : म्हणजे 'डिप्रेशन क्वेस्ट' या क्विन यांच्या गेमला त्याने चांगला रिव्ह्यू दिला असणार! कोटाकूचे संपादक स्टीफन टोटिलो यांनी त्याच महिन्यात सगळं तपासून तारखांसह खुलासा केला. त्या पत्रकाराने कोटाकूवर क्विन यांचा संबंध असलेला एकच लेख लिहिला होता, ३१ मार्च २०१४ चा, तोही एका फसलेल्या रिॲलिटी शोबद्दल. त्यात क्विन यांच्यासह इतर सहभागींची विधानं होती. दोघांचं नातं सुरू झालं एप्रिलमध्ये, आणि त्यानंतर त्याने क्विन यांच्याबद्दल एक ओळ लिहिली नाही. क्विन यांच्या कुठल्याही गेमचा रिव्ह्यू त्याने कधी केलाच नव्हता. चांगला नाही, वाईट नाही, कुठलाच नाही.

थोडक्यात, ज्या रिव्ह्यूसाठी एवढं रामायण झालं तो अस्तित्वातच नाही. आणि गेम कसला, तर नैराश्यात अडकलेल्या माणसाच्या दिवसांवरचा, पडद्यावर मजकूर वाचत पर्याय निवडण्याचा, फुकटात मिळणारा! फुकट वाटलेल्या वस्तूसाठी कोणी कोणाला लाच देतं का? अकरा वर्षांहून जास्त काळ हा खुलासा इंटरनेटवर पडून आहे. मराठीत भाषांतर करायला ज्याला वेळ मिळाला, त्याला तो शोधायला दोन मिनिटं मिळाली नाहीत.

याचे परिणाम मात्र खरे होते. क्विन यांचा पत्ता आणि फोन नंबर फिरवले गेले, बलात्काराच्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, घर सोडावं लागलं. ऑक्टोबरमध्ये स्वतःचा गेम स्टुडिओ चालवणाऱ्या ब्रियाना वू यांचा पत्ता उघड करून अशाच धमक्या देण्यात आल्या, त्यांनीही घर सोडलं. त्याच महिन्यात समीक्षक अनिता सर्किझियन यांचं युटा राज्यातल्या विद्यापीठात व्याख्यान होतं. ते झालं तर गोळीबार करू, अशी धमकी आली. परवाना असलेल्यांना बंदूक आत आणण्यापासून तिथल्या कायद्याप्रमाणे अडवता येत नव्हतं, म्हणून त्यांनीच कार्यक्रम रद्द केला. या सगळ्या मोहिमेचं नाव 'गेमरगेट', आणि तिच्या पाठीराख्यांचं म्हणणं काय, तर हा पत्रकारितेतल्या नीतिमत्तेचा लढा आहे. नीतिमत्तेचा लढा असता तर लोक पत्रकाराच्या दारात गेले असते. सगळे गेले बाईच्या दारात.

चौथं सत्य अर्धं खरं आहे, हे कबूल करते. खुशीने नाही. त्यातला दाखला असा : कॅलिफोर्निया राज्याने जुलै २०२१ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड या बड्या गेम कंपनीवर खटला भरला, डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ५.४ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्या तडजोडीत राज्याने सर्रास लैंगिक छळाचे आरोप मागे घेतले, आणि असा छळ कुठल्या न्यायालयात किंवा स्वतंत्र चौकशीत सिद्ध झालेला नाही असं नमूदही झालं. फॉरवर्ड इथपर्यंत बरोबर आहे. पुढचं त्याने गाळलंय. पैसे मोजले गेले ते पगार आणि बढतीत स्त्रियांशी भेदभाव झाल्याच्या आरोपांवर, आणि मोठा वाटा तिथे काम केलेल्या स्त्रियांसाठी होता. आरोप मागे घेतला जाणं आणि खोटा ठरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमचा मामा तीस वर्षं विमा कंपनीत होता, त्याला हा फरक मी शिकवायला नको.

आणि कोर्टाचाच शब्द हवा असेल तर तोही आहे. जुलै २०२५ मध्ये पॅरिसजवळच्या बोबिनी इथल्या न्यायालयाने युबिसॉफ्ट या बड्या फ्रेंच कंपनीच्या तीन माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. एकावर लैंगिक छळ, मानसिक छळ आणि लैंगिक अत्याचाराचा प्रयत्न, तिन्ही सिद्ध झाले. स्कर्ट घातलेल्या सहकारी मुलीला त्याने सगळ्यांसमोर हातांवर उलटं उभं राहायला लावलं होतं. शिक्षा झाली तीन वर्षांची, स्थगित, म्हणजे तुरुंगात जावं लागलं नाही. ही तडजोड नव्हती. साक्षी झाल्या, निकाल लागला. याच कंपनीचा एक स्टुडिओ पुण्यात आहे, भाचीच्या यादीत तो आहेच. तिला सावध करायचं असेल तर हा निकाल वाचायला द्या. ज्या मुलींनी तोंड उघडलं त्यांच्यावर पैसे उकळल्याचा शिक्का मारून ती सावध कशी होणार?

पाचव्याला फार वेळ देत नाही. आपटणारे गेम बायका असतानाही आपटतात आणि नसतानाही. गाजलेल्या गेमांचंच बघा. 'स्ट्रीट फायटर २' चं संगीत जवळपास सगळं योको शिमोमुरा यांचं. 'पोर्टल' करणाऱ्या चमूची प्रमुख किम स्विफ्ट, 'अनचार्टेड'मागे एमी हेनिग. लांब कशाला, २०२० सालचा 'राजी' पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला, जगभरातल्या उत्कृष्ट पदार्पणाच्या नामांकनांत 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पोचला. त्या स्टुडिओच्या सहसंस्थापकांत श्रुती घोष आहेत.

फॉरवर्डच्या शेवटी 'जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोहोचवा' असं आहे, आणि मामाने ते मनावर घेऊन मावशीकडच्या ग्रुपवरही टाकलंय. त्या ग्रुपमध्ये मी नाही. तेव्हा हे तिथे त्यानेच टाकावं.