लेहला पहिल्याच दिवशी काय काय उरकावं

लेहला जायचं तर विमानानंच जा. श्रीनगर-कारगिलमार्गे गाडीनं येणाऱ्यांचं शरीर वाटेत मुक्काम करत करत उंचीला सरावतं म्हणे. एवढी रजा कुणाला मिळते? दिल्लीहून पहाटे निघायचं आणि नाश्त्याच्या वेळेला 3,256 मीटरवर उतरायचं. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई रचली की साधारण तेवढी उंची होते. फरक एवढाच, की इथं तुम्ही एकही पायरी चढलेला नसता.

विमान टेकताच मोबाईल काढा. हा लष्करी तळ आहे, फोटो काढू नका, असं सांगतील. ते इतरांसाठी असतं.

मग येते ती विश्रांतीची सूचना. पहिले एक-दोन दिवस आराम करा, पाणी पीत राहा, दारू टाळा. इकडे कान देऊ नका. तुम्ही दर रविवारी सिंहगड चढता, हे त्या सूचना लिहिणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? शिवाय उतरल्यावर तुम्हाला काहीच होत नाही, हाच पुरावा. विरळ हवेचा त्रास बहुतेकांना सहा ते बारा तासांनी जाणवू लागतो, पण तोवर शांतिस्तूप, लेहचा राजवाडा आणि बाजारातली पश्मिन्याची घासाघीस सहज उरकते. पैसे सात दिवसांचे भरलेत, झोपायला घर आहेच.

इथल्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोनतृतीयांश, म्हणून दर श्वासाला ऑक्सिजन कमी. त्यावर उपाय आपल्याकडे पिढीजात आहे: रुमालात कापराची पुडी. नाक मोकळं होतं, हुशारी येते, रक्तातला ऑक्सिजन तेवढा आहे तिथंच राहतो. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारण्यात वेळ घालवू नका. सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, गोळ्यांच्या संख्येसकट उत्तर येईल. रात्री डोकं ठणकलं, मळमळलं, झोप उडाली, तर दोष हॉटेलच्या पनीरला द्या आणि सकाळी खारदुंग ला ही उंच खिंड गाठा. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं 18,380 फूट लिहिलेलं होतं, मोजणी करणारे 17,582 च्या आसपास सांगतात. पाटीशीच फोटो काढा, गावाकडे मोजणी कोण विचारतं? फोटोनंतर धाप लागून खाली बसलात आणि बोलणं अडखळू लागलं, तरी उतरायची घाई नको. अजून मॅगी राहिलीये.

थोडा इतिहासही सोबत असू द्या. 24 मे 1948 ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना घेऊन पहिलं डकोटा लेहच्या वाळूवर उतरवलं. नकाशे धड नव्हते, ऑक्सिजनची सोय नव्हती. ती धावपट्टी लडाखी अभियंते सोनम नोर्बू यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून घाईघाईनं तयार केली होती. लेहच्या सरकारी रुग्णालयाला त्यांचंच नाव आहे. म्हणजे सकाळी त्यांच्या धावपट्टीवर उतरून रात्री त्यांच्या रुग्णालयात नाकाला नळी लावून पडायचं, इतकी संगतवार सहल दुसरीकडे मिळायची नाही. (तिथल्या लोकांना 'जुले' (लडाखी नमस्कार) म्हणायला विसरू नका. नळी असली तरी हात हलवता येतो.)

परतीच्या दिवशीच दिल्लीहून मुंबईचं विमान धरा, मध्ये तास-दीड तास भरपूर झाला. लेहची उड्डाणं बहुतेक सकाळचीच, कारण दुपारी खोऱ्यात वारा उठतो आणि ऊन वाढलं की मुळात विरळ असलेली हवा आणखी विरळ होऊन विमानाला भार पेलवत नाही. 2024 च्या जुलैत तर निव्वळ उन्हापायी उड्डाणं रद्द झाली. काउंटरवरची मुलगी हेच समजावू लागली, तर तिला मध्येच तोडा आणि आवाज चढवून सांगा, "आमचं पुढं मुंबईचं कनेक्शन आहे!" हवा दाट व्हायला तेवढं पुरतं.