माय समोर उभी आहे, आणि ह्यांना पुरावा पाहिजे!

डोकं नुसतं तापलंय. तीन महिने झाले, आईचे श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनचे, महिना १५०० रुपये आलेले नाहीत. का, तर ती जिवंत आहे हे अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या मशीनला पटत नाही.

आई ७६ वर्षांची. उभा जन्म चोपड्याकडच्या शेतांत कापूस वेचण्यात गेला. वेचणी करणाऱ्या बायांचे हात बघा कधी. बोंडांच्या टोकांनी सोलून सोलून अंगठ्यावर रेष उरत नाही. काल ठसे घेणाऱ्या केंद्रातल्या पोरानं तिला तीनदा हात धुवायला लावले, खोबरेल चोळायला लावलं, दहाही बोटं एकेक करून दाबून पाहिली. ठसा काही जुळेना. मग म्हणे ओटीपी सांगा. नंबर वडिलांचा, ते गेले, सिमही बंद पडलं. नंबर बदलायचा तर आधार केंद्रात जा, आणि तिथे परत अंगठाच!

शेवटी आई म्हणाली, "मी जित्ती शे ना भाऊ, तुन्हा समोर उभी शे." त्यानं मानसुद्धा वर केली नाही.

आम्ही गेलो होतो एसटीनं. ७५ च्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट आहे. कंडक्टरनं कार्ड पाहिलं, आईचं तोंड पाहिलं, तिकीट दिलं. संपलं काम! धावत्या गाडीत, उभ्या गर्दीत त्याला माणूस ओळखता येतो, मग पंख्याखाली बसलेल्यांना का येत नाही?

वर शहाणे सांगतात, पोरांनी मोबाईल शिकवावा. अहो, अर्ध्या गावाची पोरं सुरतेला कामाला आहेत. आणि म्हातारीनं का शिकावं? पैसा तिच्या हक्काचा आहे. ठसा जुळला नाही म्हणून कुणाचा लाभ अडवू नका, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या आधार निकालात बजावलंय. तलाठी, पोलीस पाटील तिला नावानिशी ओळखतात. एक टेबल टाका, एक रजिस्टर ठेवा, त्यांची सही घ्या. एवढंच मागतोय.

"ठसा जुळत नाही म्हणून पैसे थांबवलेत, हे लेखी द्या," म्हटलं, तर साहेब जेवायला उठून गेले. सोमवारी परत जातोय, आईला घेऊन. लेखी मिळेपर्यंत तिथून हलणार नाही.