खुलासा : ‘पिण्याआधी पँटोप्राझोल’ या संदेशाबाबत

दादर-परळ भागातील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या असा संदेश फिरत आहे की, पँटोप्राझोल ही आम्लपित्तावरील गोळी आधी घेतल्यास मद्याने पित्त होत नाही आणि यकृतही सुरक्षित राहते. हे खरे नाही. औषधशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनुसार ही गोळी जठरात आम्ल स्रवणारे प्रोटॉन पंप (पेशींमधील आम्ल बाहेर सोडणारी यंत्रणा) रोखते. मद्याचे विघटन यकृतात होते आणि तिथे ती कोणतेही संरक्षण देत नाही. उलट मद्यामुळे अन्ननलिकेच्या तळाचा झडपेसारखा स्नायू सैल पडतो, म्हणजे ज्या जळजळीसाठी डॉक्टरांनी गोळी लिहून दिली तीच वाढू शकते.

‘गोळीवर एक घोट म्हणजे विषबाधा’ हे काहींचे प्रत्युत्तरही (भीतीपोटी असले तरी) चुकीचेच आहे, कारण या दोहोंची थेट घातक प्रक्रिया होत नाही. मात्र पँटोप्राझोल अनेकदा लेव्होसल्पिराइड या जठराची हालचाल वाढवणाऱ्या औषधासोबत एकाच कॅप्सूलमध्ये येते आणि त्या घटकाची गुंगी मद्याने वाढू शकते. त्यामुळे पाकिटावरील सर्व घटक वाचावेत व मद्याबाबत आपल्या डॉक्टरांना संकोच न करता विचारावे. काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे.

मूळ संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.