खुलासा: पिच वाढवून कमकुवत इंजिनाची बोट पळत नाही

‘आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं इंजिन) कमी ताकदीचं असेल तर जास्त पिचचा प्रोपेलर, म्हणजे बोट ढकलणारा पाण्यातला पंखा, बसवा, वेग वाढेल’ असा सल्ला सध्या फिरतोय. खरं नेमकं उलट आहे.

प्रोपेलर एका फेऱ्यात, पाण्यात न घसरता, जितके इंच पुढे सरकेल ते त्याचं पिच. कागदावर १५ इंची हा १३ इंचीपेक्षा पुढे जातो, मान्य. पण तो फिरवायला इंजिनात दम हवा ना!

नेहमीचं वजन बोटीत ठेवून पूर्ण थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) द्या आणि टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर, बघा. उत्पादकाने ५००० ते ६००० आरपीएम (मिनिटाला फेरे) सांगितले असतील आणि काटा ४४०० लाच अडकत असेल, तर पिच कमी करा. १ इंच घटवल्यावर साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, म्हणजे इथे निदान ३-४ इंच. तसंच रेटत राहिलात तर इंजिनावर ताण येतो, आत कार्बन साचतो, पिस्टनलाही धोका. आवाज मात्र शांत येतो, म्हणून फसायला होतं.

कमी पिचने हॉर्सपॉवर वाढत नाही, आहे ती वापरात येते. आणि नवा प्रोपेलर घेण्याआधी बोटीचा तळ खरवडून पाहा. शेवाळ नि शिंपल्यांनीही आरपीएम पडतात.